शॅमेलिऑनचे घर : काचेचे की जाळीचे?

लव्हबर्ड पाळायचे तर पिंजरा आणावा, मासे पाळायचे तर काचेची टाकी आणावी. हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पक्ष्याला मोकळी हवा हवी आणि माशाला पाणी हवे, हे उघडच आहे. पण समजा, तुम्हाला शॅमेलिऑनसाठी घर निवडायचे आहे. मग काय आणाल? पिंजरा की टाकी?

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. या प्राण्याला पक्ष्यासारखी खेळती हवा लागते, पण त्या हवेत ओलावाही लागतो. त्याला ऊन लागते, पण उन्हातून बाजूला व्हायला जागा नसेल तर तेच ऊन त्याचा जीव घेते. समोर पाण्याने भरलेली वाटी असूनही तो तहानेने व्याकूळ होऊ शकतो. अमेरिकेत आणि युरोपात हे प्राणी हौसेने पाळले जातात. तेथील अनुभव असा, की पाळलेला शॅमेलिऑन आजारी पडला तर पहिला संशय त्याच्या घरावर घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, या एका घराचा विचार करताना तुम्ही शाळेत शिकलेले उष्णता, प्रकाश, बाष्पीभवन आणि जीवनसत्त्वे हे चारही धडे एकत्र येतात. ते कसे, ते पाहू या.

हा पाहुणा कोण?

शॅमेलिऑन हा सरड्यांच्या गोतावळ्यातला प्राणी. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर राहतात. बाकीच्या बहुतेक आफ्रिकेत, आणि थोड्या अरबस्तानात व दक्षिण युरोपात आढळतात. भारतात एकच जात आहे. आपल्याकडे तिला सरडगुहिरा म्हणतात, कोठे घोयरा म्हणतात. बागेत मान वरखाली करणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल होणारा नेहमीचा सरडा तो हा नव्हे.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केलेला आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी भारतातही नोंदणीचे नियम आले आहेत. तेव्हा या लेखात आपण ज्याचे घर बांधणार आहोत तो आहे येमेनी शॅमेलिऑन. डोक्यावर उंच तुरा असलेली ही जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागाची. परदेशांत तिची पैदास बंदिवासातच पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

घर बांधणारा आधी राहणाऱ्याकडे पाहतो. आपणही तसेच करू. शॅमेलिऑनची बोटे दोन गटांत जुळलेली असतात, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन. त्यामुळे त्याचे पाऊल चिमट्यासारखे दिसते. शेपटी फांदीला वेटोळे घालते. ती पालीच्या शेपटीसारखी तुटून पुन्हा वाढत नाही. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. जीभ शरीराच्या लांबीच्या दीडपट, कधी दुप्पटही लांब फेकली जाते. हे सगळे अवयव एकच गोष्ट सांगतात : हा जमिनीवर धावणारा प्राणी नाही, फांद्यांवर हळूहळू चालणारा प्राणी आहे.

उभे घर, आडवे घर

यावरून पहिला नियम मिळतो. घर लांबीला नव्हे, उंचीला मोठे हवे. पूर्ण वाढलेल्या येमेनी नरासाठी साधारणपणे ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच घर सुचवले जाते. गुणाकार करून पाहा. हे घनफळ ४३२ लिटर होते. आकडा मोठा वाटतो, पण अर्ध्या फुटाच्या प्राण्याला एवढी जागा कशाला, असे विचारू नका. शेपटी धरून हा नर दीड फुटाच्या आसपास भरतो, आणि झाडावर त्याच्या वाट्याला याहून कितीतरी अधिक जागा असते.

उंचीचे आणखी एक कारण आहे. झाडावरच्या प्राण्याला आपल्यापेक्षा वर असलेली वस्तू धोक्याची वाटते. ससाणा वरूनच येतो! जमिनीवर ठेवलेल्या बुटक्या टाकीत माणसाचे डोके नेहमी वरच असते. मग तो प्राणी सारखा भेदरलेला राहतो. म्हणून जाणकार घर टेबलावर किंवा घडवंचीवर ठेवतात. सर्वांत वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या वर आली म्हणजे प्राणी निवांत होतो.

आत आडव्या-तिरप्या फांद्या हव्यात, आणि त्या जाडीने वेगवेगळ्या हव्यात. जिवंत झाड तर हवेच. परदेशातले हौशी लोक यासाठी कोणते झाड लावतात, ठाऊक आहे? पुष्कळदा आपली जास्वंद! तिची पाने खाल्ली तरी अपाय होत नाही. येमेनी शॅमेलिऑन किड्यांबरोबर अधूनमधून पालाही खातो, त्यामुळे ही निवड दुहेरी उपयोगाची ठरते.

काचेच्या आतले ऊन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भिंती काचेच्या असाव्यात की जाळीच्या?

सरपटणाऱ्या प्राण्यांना शरीराचे तापमान आतून स्थिर राखता येत नाही. ते बाहेरून उष्णता घेतात. सकाळी गारठलेला शॅमेलिऑन उन्हात येतो, अंग चपटे करून बाजू सूर्याकडे वळवतो आणि रंगाने काळसर होतो. गडद रंग उष्णता अधिक शोषतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पुरेसे तापले की तो फिकट होतो आणि सावलीत सरकतो. त्याचे शेकण्याचे ठिकाण २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावे, पण घराचा बाकीचा भाग २२ ते २६ अंशांच्या आसपास असावा, रात्री त्याहून गार. म्हणजे घरात एकच तापमान असून चालत नाही. वर ऊब, खाली गारवा अशी उतरंड लागते.

काचेची बंद पेटी उन्हात ठेवली तर काय होते? ती आतून भराभर तापते. याचे कारण पुष्कळ पुस्तकांत असे दिलेले असते, की काच प्रकाशाला आत सोडते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारे अवरक्त किरण बाहेर सोडत नाही. हे खरे आहे, पण हे मुख्य कारण नव्हे. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली एक सोपा प्रयोग केला. त्यांनी काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली आणि दुसरीवर सैंधवाची पारदर्शक चकती बसवली. सैंधवातून अवरक्त किरण सहज पार होतात. वुड यांचे म्हणणे खोटे असते, तर सैंधवाची पेटी बरीच गार राहायला हवी होती. पण सूर्यप्रकाश आधी काचेतून गाळून घेतला तेव्हा दोन्ही पेट्यांच्या तापमानांत जेमतेम एका अंशाचा फरक राहिला. मग पेटी तापते कशाने? आतली तापलेली हवा वर चढून निघून जाऊ शकत नाही म्हणून. अभिसरण थांबले की उष्णता कोंडली जाते.

जाळी नेमके हेच होऊ देत नाही. तिच्यातून हवा वाहती राहते. म्हणून उष्ण हवामानात जाळीचे घर अधिक सुरक्षित असते. काचेच्या टाकीत कोवळ्या उन्हातही थोड्याच वेळात वरपासून खालपर्यंत भट्टी होते, आणि प्राण्याला सरकायला गार कोपराच उरत नाही.

न दिसणारा प्रकाश

काचेचा दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगापलीकडचे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण असतात. त्यांतील २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेवर पडले की त्वचेतील एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते. हे जीवनसत्त्व नसेल तर आहारातले कॅल्शियम अंगी लागत नाही. शॅमेलिऑनची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा दुबळा होतो. इतका की जीभ नीट फेकता येत नाही आणि समोरचा किडा पकडता येत नाही. मुलांना होणाऱ्या मुडदूस रोगाचाच हा भाऊ.

आणि खिडकीची साधी काच नेमके हेच किरण जवळजवळ सगळे अडवते! खिडकीशी ठेवलेल्या काचपेटीतला प्राणी लख्ख उजेडात बसलेला दिसतो, आपल्याला वाटते त्याला भरपूर ऊन मिळते आहे, पण ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने तो अंधारात असतो. जाळीही या किरणांचा काही भाग अडवते, पण बराचसा आत येऊ देते. घरातच ठेवायचे असेल तर असे किरण देणारी खास नळी छतावर लावतात. गंमत अशी, की या नळीचा उजेड तसाच दिसत राहिला तरी तिचे जंबुपार किरण काळाने कमी होत जातात. म्हणून चालू असलेली नळीसुद्धा ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते.

मग प्राण्याला हे किरण किती द्यावेत? याचे उत्तर प्राण्यानेच दिले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात क्रिस्टोफर कार्स्टन, गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर प्रयोग केले. ते २००९ साली प्रसिद्ध झाले. आहारातून ज्यांना ड जीवनसत्त्व कमी मिळाले होते ते शॅमेलिऑन उन्हात अधिक येत, आणि ज्यांना पुरेसे मिळाले होते ते कमी येत. कोणी न शिकवता आपल्याला लागेल तेवढे जंबुपार किरण ते घेत होते! पण त्यासाठी एक अट होती : ऊन आणि सावली या दोन्ही गोष्टी त्यांच्या आवाक्यात असायला हव्यात.

हा प्रयोग लक्षात ठेवा. आपल्या सगळ्या लेखाचे सार त्यात आहे. चांगले घर म्हणजे मालकाने ठरवलेले योग्य तापमान आणि योग्य उजेड नव्हे. चांगले घर म्हणजे प्राण्याला स्वतः निवड करता येईल असे घर.

थेंब थेंब पाणी

आता पाण्याविषयी. झाडावर राहणारा शॅमेलिऑन पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब पितो. वाटीतले स्थिर पाणी त्याला पाणी म्हणून सहसा ओळखूच येत नाही. म्हणून पाळणारे लोक सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा मारतात, किंवा वर पाण्याचे भांडे ठेवून त्यातून पानांवर थेंब थेंब पाणी पाडतात. चमकणारा थेंब हलला की शॅमेलिऑन पुढे येतो.

येथे मात्र जाळी अडचणीत येते. हवा वाहती असली म्हणजे बाष्पीभवन वेगाने होते. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात घरे कृत्रिम रीतीने तापवतात. त्यामुळे खोलीतली हवा फार कोरडी होते. अशा खोलीत चहूबाजूंनी जाळी असलेले घर फवारल्यावर थोड्याच वेळात कोरडे ठाक पडते. काचेच्या घरात ओलावा टिकतो, पण हवा कोंडली तर बुरशी वाढते आणि फुप्फुसांचे विकार होतात.

यावर तोड निघाली ती भौतिकीनेच. तीन भिंती काचेच्या किंवा प्लास्टिकच्या ठेवायच्या, छत पूर्ण जाळीचे करायचे, आणि पुढच्या बाजूला तळाशी जाळीची एक पट्टी बसवायची. छतावरच्या दिव्याने तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या पट्टीतून ताजी हवा आत येते. धुराड्यात हेच घडते. अशा घरात ओलावाही राहतो आणि हवाही खेळते. म्हणजे आपल्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर असे : उष्ण, दमट प्रदेशात जाळी; थंड, कोरड्या घरात काच आणि जाळी यांची जोडणी; आणि पूर्ण बंद काचपेटी कोठेच नाही.

आणखी काही बारकावे आहेत. दिवा घराच्या आत लावू नये, कारण शॅमेलिऑन त्याला लटकतो आणि भाजून घेतो. जाळी बारीक आणि गुळगुळीत असावी, म्हणजे नखे अडकत नाहीत. एका घरात एकच शॅमेलिऑन ठेवावा, कारण हा एकांतप्रिय प्राणी आहे. काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले तरी त्याला तो घुसखोर वाटतो आणि तो दिवसभर फुगून, तोंड वासून त्याला धमकावत बसतो. मादी असेल तर ओलसर वाळूची खोल कुंडी हवीच. नराशी गाठ पडली नाही तरी मादी अंडी घालू शकते, आणि खणायला जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावते.

घर जमले की नाही, हे ओळखण्याची खूण शॅमेलिऑन अंगावरच वागवतो. तो आजूबाजूच्या वस्तूंसारखा रंग घेतो ही समजूत बरोबर नाही. जिनीव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवले, की पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातले अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो. हा बदल प्रामुख्याने मनःस्थितीने होतो आणि उष्णतेशीही त्याचा संबंध असतो. जो शॅमेलिऑन ऊब मिळूनही दिवसभर काळवंडलेला राहतो, तो आपल्या घराविरुद्ध तक्रार करतो आहे असे समजावे.

दाराची कडी

घर निवडताना दाराची कडी हा भाग क्षुल्लक वाटतो. पण तिची गोष्ट मोठी आहे. १९७२ साली हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरच्या एका दुकानदाराने केनियातून जॅक्सन शॅमेलिऑन आणवले. नराला तीन शिंगे असणारी ही जात. प्रवासाने प्राणी रोडावले होते, म्हणून त्याने ते सावरावेत या हेतूने आपल्या अंगणातल्या झाडांवर सोडले. हेतू चांगला होता. पण प्राणी पसरले आणि कायमचे वस्तीला राहिले. आज ते तेथील किडे आणि दुर्मीळ स्थानिक गोगलगायी खातात. त्या गोगलगायी जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात येमेनी शॅमेलिऑनही अशाच रीतीने मोकळे वाढू लागले आहेत. पाळलेला प्राणी कंटाळा आला म्हणून ‘दयाबुद्धीने’ सोडून देणे कसे महागात पडते, याचे हे उदाहरण.

करून पाहा

काच आणि जाळी यांतला फरक तुम्हाला शाळेत सहज पाहता येईल. प्रयोगात कोणताही प्राणी ठेवायचा नाही.

बुटांचे दोन सारखे खोके घ्या. झाकणांऐवजी एकावर काचेचा तुकडा ठेवा आणि दुसऱ्यावर डासांची जाळी ताणून बांधा. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा, म्हणजे हात कापणार नाही. प्रत्येकात प्रयोगशाळेतला एकेक तापमापक ठेवा आणि त्याच्या फुग्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली करा. ताप पाहण्याचा तापमापक वापरू नका, तो इतके तापमान मोजण्यासाठी नसतो. सकाळी दहाच्या सुमारास दोन्ही खोकी उन्हात शेजारी शेजारी ठेवा. दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंदी घ्या आणि आलेख काढा. शॅमेलिऑनला सोसणारी ३२ अंशांची रेषा आलेखावर लाल पेन्सिलीने आखा. कोणते खोके ती रेषा आधी ओलांडते? किती अंशांवर जाऊन थांबते?

दुसऱ्या दिवशी तीच खोकी खोलीत, सावलीत ठेवा. सारख्या मापाचे दोन कापडी तुकडे सारखेच भिजवून एकेकात टाका. दर तासाला ते वजनकाट्यावर तोला. कोणते कापड आधी वाळते? दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष शेजारी शेजारी लिहिले, की शॅमेलिऑन पाळणाऱ्याची खरी पंचाईत तुमच्या ध्यानात येईल. एक पेटी पहिल्या परीक्षेत नापास होते, दुसरी दुसऱ्या.

आपल्या घोयऱ्याचे घर

इतके सगळे वाचल्यावर आपल्या रानातल्या घोयऱ्याकडे वळू. त्याला उंची लागते, निरनिराळ्या जाडीच्या फांद्या लागतात, पानांवरचे थेंब लागतात, वाहती हवा, कोवळे ऊन, दुपारची दाट सावली, किडे आणि अंडी घालायला भुसभुशीत माती लागते. नळी, दिवा, फवारा, कुंडी असा सारा खटाटोप करून माणूस ४३२ लिटरच्या पेटीत याची ओबडधोबड नक्कल करतो. शेताच्या बांधावरच्या बाभळी-बोरीच्या कुंपणात मात्र हे सगळे आयते असते, आणि तेथे निवड करणारा घोयरा स्वतः असतो.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी घोयरा दिसला की लोक दगड उचलतात. तो विषारी आहे, त्याचा चावा जीवघेणा आहे, अशी समजूत असते. ती साफ चुकीची आहे. घोयऱ्याला विष नसते. घाबरला की तो फुगतो आणि फुसकारतो, एवढेच. रस्ता ओलांडताना तो इतका सावकाश चालतो, की वाहनांखाली सापडतो. तेव्हा कोणी दगड उचलला तर तुम्ही दोन शब्द बोलून त्याला थांबवा. जखमी घोयरा दिसला तर मोठ्या माणसांकरवी वनखात्याला कळवा.

आणि तो कुंपणावर दिसलाच, तर पकडू नका. चार-पाच मीटरांवर उभे राहा आणि वही उघडा. तो किती उंचीवर आहे? उन्हाच्या कोणत्या बाजूला? रंग सकाळी कसा होता, दुपारी कसा झाला? आठवडाभर नोंदी ठेवल्या तर त्याने आपल्या घरातल्या खोल्या कशा वाटून घेतल्या आहेत, हे तुम्हाला कळेल.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हसून म्हणतो. पण कुंपणात त्याला हवे ते सगळे मिळते, मग त्याने आणखी पुढे धावावे कशासाठी? ते कुंपण तोडून तेथे तारा किंवा विटांची भिंत घालण्याचा विचार तुमच्या घरी किंवा शाळेत चालला असेल, तर एवढे एकदा सांगून पाहा.